मदत हवी आहे: टर्बो सीमधला प्रोग्रॅम लिनक्सवर चालत नाही, आणि टर्मिनल कुठून सुरू करू?

अर्धविराम:

वर्गातल्या सगळ्या नोट्स टर्बो सीच्या (डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा सी कंपायलर) आहेत आणि प्रात्यक्षिक परीक्षा मात्र लिनक्सवर, नुसत्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून. हातात ३ आठवडे आहेत. (कमांड इथे देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच देते.)

प्रोग्रॅम साधा आहे. एन विचारायचा, तेवढे पूर्णांक घ्यायचे, सरासरी छापायची. फाइलचं नाव टेस्ट.सी. अडलंय ते असं:

१. जीसीसी (लिनक्सवरचा कंपायलर, लिहिलेल्या कोडपासून चालवायचा प्रोग्रॅम बनवणारा) पहिल्याच फटक्यात थांबतं: ‘फेटल एरर: कोनिओ.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

२. ती ओळ, सीएलआरएससीआर() (पडदा पुसणारं) आणि गेटच() (कळ दाबेपर्यंत थांबणारं) काढून टाकल्यावर ‘जीसीसी टेस्ट.सी -ओ टेस्ट’ दिलं. काहीच छापून आलं नाही. मग ‘टेस्ट’ टाइप करून एंटर दाबलं, तरी काही नाही. एररसुद्धा नाही.

३. कुठेतरी वाचून ‘./टेस्ट’ केलं. एन विचारला, ५ दिले, लगेच ‘सेगमेंटेशन फॉल्ट (कोअर डम्प्ड)’. हाच प्रोग्रॅम टर्बो सीमध्ये चालायचा.

एन घेण्याची ओळ: स्कॅनएफ("%डी", एन);

शिवाय टर्मिनलच्या कमांड शेकड्यांनी आहेत. त्यातल्या नेमक्या कोणत्या लागतात?

शून्यापासून:

क्र. २ आधी घेतो, कारण त्यात तुमची चूक फक्त नावाची आहे. ‘टेस्ट’ नावाची कमांड शेलमध्ये (टर्मिनलमध्ये तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) आधीपासूनच असते. अटी तपासायला ती शेल स्क्रिप्टमध्ये वापरतात. काहीही न देता चालवली तर ती गपचूप ‘खोटं’ असं उत्तर देऊन संपते. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम चाललाच नव्हता, भलताच चालला. ‘टाइप टेस्ट’ अशी कमांड द्या (टाइप हीसुद्धा शेलची कमांडच आहे), ‘टेस्ट इज अ शेल बिल्टइन’ असं दिसेल. फाइलचं नाव सरासरी.सी करा, विषय संपला.

‘./’ का लागतं? नुसतं नाव दिलं की शेल पाथ या चलात लिहिलेल्या डिरेक्टरींतच शोधतं. तुम्ही ज्या डिरेक्टरीत आहात ती त्या यादीत नसते, आणि ते मुद्दाम. नाहीतर कोणीतरी एखाद्या डिरेक्टरीत एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) नावाची खोडसाळ फाइल ठेवली की तुमची एलएस म्हणजे तीच. टिंब म्हणजे ‘इथली डिरेक्टरी’, त्यामुळे ./सरासरी म्हणजे ‘इथलाच सरासरी चालव’. ‘कमांड नॉट फाउंड’ दिसलं की आधी हे पाहायचं.

आणि जीसीसी काही बोललं नाही याचा अर्थ काम झालं. युनिक्समध्ये काम नीट झालं तर गप्प बसायची रीत आहे. डीआयएफएफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) दोन फाइली सारख्या असल्या की एक अक्षर छापत नाही. सवय होईपर्यंत विचित्र वाटतं खरं.

क्र. १: कोनिओ.एच प्रमाणित सीचा भागच नाही, तो डॉसवरच्या कंपायलरांचा हेडर (फंक्शनची ओळख करून देणारी फाइल). गेटच() शेवटी टाकायचे ते आउटपुटचा पडदा लगेच निघून जाऊ नये म्हणून. टर्मिनलमध्ये आउटपुट जिथल्या तिथे राहतं, म्हणून ते नकोच. जाता जाता ‘व्हॉइड मेन()’ सुद्धा बदला: ‘इंट मेन(व्हॉइड)’ आणि शेवटी ‘रिटर्न ०;’. तो शून्य शेलला मिळतो. प्रोग्रॅम संपल्यावर लगेच ‘एको $?’ द्या, दिसेल. सेगमेंटेशन फॉल्टने मेला असेल तर तिथे १३९ येतो: १२८ अधिक सिग्नल क्रमांक ११.

तारांकित:

क्र. ३. स्कॅनएफला एनची किंमत नको असते, एन मेमरीत कुठे राहतो तो पत्ता हवा असतो. म्हणून &एन. तुम्ही नुसता एन दिलात. त्यात अजून काही भरलेलं नव्हतं, जो कचरा होता तोच पत्ता समजून स्कॅनएफ तिथे ५ लिहायला गेलं. ती जागा तुमच्या प्रोग्रॅमच्या मालकीची नाही, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला तिथेच संपवलं. टर्बो सीच्या काळात डॉसवर असा पहारा नव्हता. चुकीच्या जागी लिहिलेलं तसंच खपून जायचं आणि प्रोग्रॅम ‘चालायचा’. म्हणजे सेगमेंटेशन फॉल्ट ही लिनक्सची कटकट नाही, आधीपासून असलेली चूक आता दिसली एवढंच.

स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) घेताना & लागत नाही, कारण अ‍ॅरेचं नाव तिथे आपोआप पत्ताच होतं. पण लांबी द्या: १० अक्षरांच्या अ‍ॅरेसाठी "%९एस". दहावी जागा शेवटच्या शून्य कॅरेक्टरसाठी. गेट्स() वापरूच नका, ते २०११ च्या सी मानकातून काढूनच टाकलंय.

आता खरी सवय. कंपाइल करताना दर वेळी हे द्या:

जीसीसी -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी सरासरी.सी -ओ सरासरी

दोन्हीकडे डब्ल्यू मोठा, बाकी अक्षरं लहान. युनिक्सला लहान-मोठ्या लिपीचा फरक कळतो. एवढं दिलं असतं तर जीसीसीने तुम्हाला आधीच सांगितलं असतं: ‘%डी’ला ‘इंट *’ (पूर्णांकाचा पत्ता) हवा होता, दुसरा आर्ग्युमेंट ‘इंट’ (नुसता पूर्णांक) आहे. संदेशाच्या सुरुवातीला फाइल:ओळ:स्तंभ असतं, सरासरी.सी:७:१५ असं. थेट तिथे जायचं. आणि २० एरर आल्या तर फक्त पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करायचं. एक महिरपी कंस राहिला की खालच्या डझनभर एरर त्याच्याच असतात.

वॉर्निंगकडे ‘चालतंय ना’ म्हणून काणाडोळा करू नका. सुरुवातीच्या प्रोग्रॅममध्ये वॉर्निंग म्हणजे दहापैकी नऊ वेळा चूकच.

अर्धविराम:

& टाकल्यावर चाललं! वॉर्निंगही गेल्या. पण आता दोन नवीन. २, ३, ४, ५, ३ दिले की सरासरी ३.४०००००ऐवजी ३.०००००० येते, सरासरी फ्लोट (दशांश ठेवणारं चल) असूनही. आणि शेवटी ‘पुन्हा करायचं? (वाय/एन)’ विचारते तिथे प्रोग्रॅम थांबतच नाही, उत्तर न घेता पुढे पळतो. नोट्समध्ये एफफ्लश(एसटीडीइन) दिलंय, ते टाकूनही तेच.

तारांकित:

बेरीज आणि एन दोन्ही इंट आहेत. १७ / ५ हा भागाकार आधी इंटमध्ये होतो, उत्तर ३, आणि मग तो ३ फ्लोटमध्ये ठेवला जातो. डावीकडे काय आहे ते सी बघत नाही. (डबल)बेरीज / एन असं लिहा. कंस (बेरीज / एन) असा सगळ्याभोवती घातलात तर पुन्हा ३च येईल.

दुसरं: ३ टाइप करून तुम्ही एंटर दाबता. %डी ३ उचलतो, एंटरचं न्यूलाइन मागे रांगेत पडून राहतं. उत्तर घेणाऱ्या %सी ला (एक कॅरेक्टर वाचणारा) कोणतंही कॅरेक्टर चालतं, तो ते न्यूलाइन उचलून मोकळा होतो. उपाय एका स्पेसचा: " %सी", टक्क्याच्या आधी स्पेस. ती स्पेस म्हणजे ‘असतील तेवढ्या मोकळ्या जागा आणि न्यूलाइन गिळून टाक’. एफफ्लश आउटपुटसाठी असतं. टर्मिनलवरून येणाऱ्या इनपुटवर ते काय करेल हे सी मानक सांगतच नाही, म्हणून एका कंपायलरवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही.

अजून एक, हे परीक्षक हमखास करून बघतात: आकड्याच्या जागी अक्षर दिलं तर? %डी ते अक्षर उचलत नाही, ते तिथेच राहतं, आणि लूप असेल तर अनंत फिरतो. स्कॅनएफ किती किमती भरल्या तो आकडा परत देतं. तो १ नसेल तर संदेश छापून बाहेर पडा. एन शून्य दिला तर भागाकाराचं काय, तेही बघून ठेवा.

काळी खिडकी:

टर्मिनलचं सांगतो. शेकडो कमांड विसरा. परीक्षेपुरत्या: पीडब्ल्यूडी (कुठे आहे), एलएस -एल (फाइलींची यादी), सीडी (डिरेक्टरी बदल), एमकेडीआयआर (नवी डिरेक्टरी), सीपी (नक्कल), एमव्ही (हलव किंवा नाव बदल), आरएम (काढून टाक), कॅट (फाइल छाप), लेस (पानापानाने वाच), ग्रेप (मजकूर शोध), डीआयएफएफ (फरक), मॅन (माहितीचं पान). टॅबने नाव पूर्ण होतं, वरच्या बाणाने मागची कमांड येते, कंट्रोल-आर दाबून दोन अक्षरं लिहिली की जुनी कमांड सापडते. फाइलच्या नावात स्पेस ठेवू नका, शेल त्याचे दोन शब्द करतं.

आरएम केलेली फाइल कचरापेटीत जात नाही, गेली ती गेली.

आता खरं उपयोगाचं. दर वेळी पाच आकडे हाताने टाइप करू नका. इन१.टीएक्सटीमध्ये ५ आणि खाली ते आकडे लिहा, मग

./सरासरी < इन१.टीएक्सटी > आउट१.टीएक्सटी

म्हणजे इनपुट कीबोर्डऐवजी पहिल्या फाइलीतून येतं आणि आउटपुट पडद्याऐवजी दुसरीत जातं. अपेक्षित उत्तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून डीआयएफएफ लावा. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की पाच सेकंदांत पुन्हा तपासून होतं. (‘एन द्या’ वगैरे मजकूरही आउट१मध्ये जाणार, अपेक्षित फाइलीतही तो हवा.)

> चिन्हाने मात्र भले भले फसतात. ‘सॉर्ट यादी > यादी’ केलं (सॉर्ट ओळी क्रमाने लावतं) की यादी ही फाइल रिकामी होते. शेल कमांड सुरू करण्याआधीच > नंतरची फाइल कोरी करून ठेवतं, सॉर्टला वाचायला काही उरतच नाही. नवी फाइल करा आणि मग एमव्ही. जुन्या मजकुराखाली जोडायचं असेल तर >>.

डॉसची सवय असलेल्यांना कंट्रोल-झेड नडतो. तिथे तो इनपुट संपल्याची खूण होता. इथे ती खूण कंट्रोल-डी. कंट्रोल-झेडने प्रोग्रॅम बंद होत नाही, गोठून मागे पडून राहतो. ‘जॉब्ज’ दिलं की असे सगळे दिसतात, ‘एफजी’ने पुढे येतात. बंद करायला कंट्रोल-सी. आणि सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबला आणि पडदा थिजला तर कंट्रोल-क्यू, यंत्र बिघडलेलं नाही.

मॅन प्रिंटएफ दिलंत तर शेलच्या प्रिंटएफ कमांडचं पान उघडतं. सीचं हवं तर ‘मॅन ३ प्रिंटएफ’. बाहेर पडायला क्यू. एडिटर व्हीआयच शिका.

शून्यापासून:

३ आठवड्यांत व्हीआय? नको हो. नॅनो घ्या: कंट्रोल-ओ सेव्ह, कंट्रोल-एक्स बाहेर, खाली लिहिलेलंच असतं. चुकून व्हीआयमध्ये अडकलात तर एस्केप, मग :क्यू! आणि एंटर. व्हीआय परीक्षेनंतर सावकाश शिका.

काळी खिडकी:

परीक्षेच्या यंत्रावर नॅनो नसेल तर? व्हीआय बहुतेक सगळीकडे असतं. आय दाबून लिहायचं, एस्केप, :डब्ल्यूक्यू. एवढंच तरी येऊ द्या.

ढाचा:

टर्बो सीच्या नोट्स वापरताय तर इंटच्या आकाराकडे लक्ष द्या. तिथे इंट २ बाइटचा, कमाल ३२७६७. म्हणून ८ चा फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) ४०३२०ऐवजी -२५२१६ छापला जायचा. आताच्या जीसीसीवर इंट ४ बाइटचा, तिथे १२ पर्यंत ठीक आणि १३ ला गडबड. लाँग लाँग घेतलं (छापायला %एलएलडी) तर २० पर्यंत जाता येतं. नोट्समध्ये ‘इंट = २ बाइट’ पाठ केलं असेल तर तो नियम नव्हे, त्या कंपायलरची गोष्ट. ‘साइझऑफ(इंट)’ छापून बघा.

सेगमेंटेशन फॉल्ट कुठे आला ते शोधायला प्रिंटएफ टाकत असाल तर शेवटी \एन (न्यूलाइन) द्याच. त्याशिवायचा मजकूर बफरमध्ये (छापण्याआधीची तात्पुरती साठवण) अडकतो आणि प्रोग्रॅम मेला की त्याच्याबरोबर जातो. मग ‘इथपर्यंत आलंच नाही’ असं वाटून भलत्याच ओळी तपासत बसाल. आउटपुट फाइलमध्ये वळवलं असेल तर \एनसुद्धा पुरत नाही. त्यापेक्षा जीडीबी (चुका शोधायचं साधन) ./सरासरी, मग रन, आणि कोसळल्यावर बीटी (कुठून कुठे जाऊन कोसळला ते दाखवतं). -जी देऊन कंपाइल केलं असेल तर ओळ क्रमांकासकट मिळतं. अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं जातंय अशी शंका असेल तर कंपाइल करताना -एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस जोडा. ५ जागांच्या अ‍ॅरेत आय <= ५ असा लूप लावला की ते लगेच ओळ दाखवतं.

आणि ‘जीसीसी -ओ *.सी’ कधीही नको. शेल * चा विस्तार करून जीसीसी -ओ अ.सी ब.सी असं बनवतं, आणि तुमच्या अ.सीवर तयार प्रोग्रॅम लिहिला जातो. -ओच्या लगेच पुढे तयार प्रोग्रॅमचं नाव, .सी नाही.

अर्धविराम:

सगळं जमलं, सर्वांचे आभार. नाव बदललं, तीन इनपुट फाइली करून डीआयएफएफनेच तपासतेय. शेवटचं एक: प्रमाण विचलन काढायला एसक्यूआरटी (वर्गमूळ काढणारं फंक्शन) घातलं, मॅथ.एच वर दिलंय, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’. गंमत म्हणजे एसक्यूआरटी(१६.०) लिहिलं तर चालतं, एसक्यूआरटी(एक्स) चालत नाही.

तारांकित:

मॅथ.एच फक्त फंक्शनची ओळख करून देतं, फंक्शन स्वतः गणिताच्या वेगळ्या लायब्ररीत असतं. ती जोडायला -एलएम (एल हे लहान अक्षर आहे, एक आकडा नव्हे). ते कमांडच्या अगदी शेवटी द्या: जीसीसी -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी सरासरी.सी -ओ सरासरी -एलएम. लिंकर (प्रोग्रॅम आणि लायब्ररी जोडणारा भाग) डावीकडून उजवीकडे वाचत जातो, आधी दिलं तर ‘अजून कोणी मागितलंच नाही’ म्हणून पुढे सरकू शकतो. १६.० चं वर्गमूळ जीसीसीने कंपाइल करतानाच काढून ४.० लिहून टाकलं, म्हणून तिथे लायब्ररी लागलीच नाही.