दुसरीतल्या मुलाला घरीच शिकवावं का? फायदे सांगा, सल्ला हवाय

लातूरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत. व्हॅन सकाळी पावणेसातला दारात. दुपारी पेंगुळलेला येतो, मग गृहपाठ, मग ट्युशन. (हो, दुसरीला ट्युशन. लातुरात राहतो म्हटल्यावर काय.) परवा कुंडीतली गोगलगाय बघत बसला, व्हॅन चुकली, मी रागावले. रात्री वाईट वाटलं. होमस्कूलिंगबद्दल वाचतेय, पण घरात विषय काढला की सासरे म्हणतात, "लेकरू वाया घालवतीस का?" कुणी खरंच केलंय का? काय फरक पडला?

मुरूडकर
ताई, आमची लेक चौथीपासून घरीच शिकते, आता तेरावं सरलं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वेळ. सकाळी अडीच-तीन तास बसली की पुस्तकातलं आटोपतं. एकाच लेकराला शिकवायचं, हजेरी नाही, चाळीस जणांच्या वह्या तपासायच्या नाहीत. मराठी वाचन तिचं केव्हाच पुढं गेलं, इंग्रजी रखडलं, तर वर्षभर तिथंच थांबलो. शाळेत तसं थांबता येत नाही, शिक्षकाची इच्छा असली तरी.

शेकडेवारी तर पुस्तकात येईनाच डोक्यात. सोयाबीन घेऊन लातूरच्या आडतीवर गेलो तेव्हा सोबत नेली. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला, भाव पाडला. हमाली, तोलाई वजा करून हिशोबाची पट्टी हातात आली. घरी येऊन तिनं ती पट्टी तीनदा मांडली, आणि आडत्याची बेरीज ४० रुपयांनी चुकली होती हे तिनंच काढलं! त्या दिवसापासून शेकडेवारी शिकवावी लागली नाही.

इतिहासाला धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठलं. लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली बघितली. तशीच एक इटलीत पाँपेईला सापडलेली. मग तेरचा माल रोमपर्यंत कसा जायचा यावर महिनाभर नकाशेच काढत बसली. मी आपला गोरोबाकाकांचं दर्शन घेऊन निघायच्या बेतात होतो, ही संग्रहालयातून हलेना.

तुमच्या गोगलगायीवरून आठवलं. २०२२ ला याच बयेनं आमचं सोयाबीन उगवता उगवता फस्त केलं. पोराला बघू द्या, शेतकऱ्यांना उपयोग होईल.

एक मात्र खरं सांगतो, पैसा वाचतो या भ्रमात राहू नका. बायकोनं नोकरी सोडली, ती फीपेक्षा महाग पडली.

परभणीची_मावशी
आणि मैत्रिणी? एकलकोंडी नाही का होत?

मुरूडकर
मावशी, संध्याकाळी गल्लीत कबड्डी असते, रविवारी तालुक्याला तबला. वाड्यातल्या म्हातारीपासून दुकानदारापर्यंत सगळ्यांशी बोलते. पण पहिलं वर्ष जड गेलं, नाही म्हणत नाही. शाळेतल्या मैत्रिणींचं स्नेहसंमेलन बघून आली अन् दोन दिवस गप्प होती.

झेडपीचा_मास्तर
मी शाळेतला माणूस, तरी विरोध करायला आलो नाही. मुरूडकरांच्या लेकीसारखं शिकणं आम्हालाही आवडतं, वर्गात जमत नाही एवढंच. पण कागदाचं आधी बघा.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयासाठी. त्यात घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेखच नाही. त्यामुळे आम्ही सर्वेक्षणाला आलो की तुमचं लेकरू शाळाबाह्य म्हणून लिहिलं जाऊ शकतं. भांडू नका, त्याच्या वह्या, चित्रं दाखवा. त्याच कायद्याच्या कलम ४ मुळे उद्या नाही जमलं तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही. सासऱ्यांना हे आधी सांगा.

परीक्षांसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष त्यांचे अ, ब, क स्तर आहेत. दहावीला वय १४ पूर्ण लागतं. नोंदणी ५ वर्षं चालते, ९ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा. विषय सुटे सुटे देता येतात, हे मला सगळ्यात आवडतं. आपल्या राज्य मंडळातून द्यायची तर बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. दाखला आणि जन्मनोंद जपून ठेवा, त्यावाचून पुढं अडतं.

आणि आई-वडील दोघंही दिवसभर बाहेर असतील तर हा नाद करू नका. मग ते होमस्कूलिंग नसतं, लेकरू मोबाईलच्या ताब्यात असतं.

लातूरची_आई
सर, मुरूडकर दादा, खूप आभार. कलम ४ चं सासऱ्यांना वाचून दाखवलं. "मग बघू" म्हणाले, आमच्याकडं याला होकारच समजतात. लगेच नाव काढत नाही. उन्हाळ्याची सुट्टी घरच्या पद्धतीनं करून बघते, माझाच धीर किती टिकतो ते कळेल. येत्या रविवारी तेर. गोगलगाय सध्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहे, सासूबाई ओरडायल्यात. ती खाते काय हो, पालक चालेल का?

मुरूडकर
पालक, कोबी, काहीही. झाकणाला भोकं पाडा. आणि त्याला हात साबणानं धुवायला लावा.