एक डोळा झाकून बघा

मुलगा टीव्हीला चिकटून बसतो, सवयच असेल, असं एका ताईंनी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. ताई, सवय समजून सोडू नका. आमच्या भाचीनं कधी तक्रारच केली नाही. फळ्यावरचं सोडून शेजारणीच्या वहीतून उतरवायची, मान तिरकी करून वाचायची. आम्ही उगाच रागावलो. एक डोळा चांगला, त्यामुळे दुसऱ्यानं अंधुक दिसतं हे तिलाही ठाऊक नव्हतं. इंदूरच्या राजवाड्यासमोर सहज तिचा उजवा डोळा झाकून ७ मजले मोजायला सांगितले, तेव्हा कळलं. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार ७-८ वर्षांच्या आत उत्तम लागू पडतात. आणि फ्लॅशच्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, तर लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा.