दात ‘खरवडणे’ की आणखी काही?

यवतमाळकर: पुतणीच्या दातांना क्लिपा लावायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आधी दात ‘एच’ (इंग्रजीतलं etch) करू. म्हणजे काय, असं आईनं विचारलं अन् मी बोलून गेलो, ‘खरवडतात.’ झालं! ‘काहून रे, पोरीचे दात का दुधाचा गंज हाये खरवडाले?’ दुसरा शब्द सुचवा.

पाटावरवंटा: टाकवणे. पाटा गुळगुळीत झाला की टाकवून घेतोच ना!

गवंडीकाम: पाटा वाटायला टाकवतात, चिकटवायला नाही. जुन्या भिंतीवर गिलावा धरावा म्हणून आम्ही टाचे मारतो. ‘दाताला टाचे’ म्हणा.

यवतमाळकर: भाऊ, टाचे म्हटलं की छिन्नी-हातोडा आला. आई दवाखान्याच्या पायरीवरूनच परतेल. हिंदीतलं ‘निक्षारण’ नको. ऐकणाऱ्याला क्षार आठवतो, अन् लावतात आम्ल.

दातांची डॉक्टर: हत्यार लागतच नाही. प्युमिस दगडाच्या पुडीनं दात घासायचा, मग 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल 15 ते 30 सेकंद, मग भरपूर पाणी, मग हवेनं कोरडा. दात खडूसारखा पांढरट दिसला की जमलं. इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला, डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं पडतात, पातळ रेझिन (चिकटवायचा पदार्थ) त्यात उतरून घट्ट होतं आणि ब्रॅकेटला, म्हणजे क्लिपेच्या दातावर चिकटवायच्या तुकड्याला, धरून ठेवतं. इनॅमलवरची ही आम्लाची युक्ती अमेरिकी दंतवैद्य ब्युओनोकोर यांनी 1955 साली मांडली.

पंक्चरवाला: म्हणजे आमची ट्यूबच की! घासायची, सोल्यूशन लावायचं, अन् ओल राहिली तर ठिगळ सुटलंच समजा.

दातांची डॉक्टर: ओलीचं अगदी खरं. आम्ल धुतल्यावर लाळ लागली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. पण ‘घासणे’ प्युमिसलाच राहू द्या. आणि खरवडणे अगदीच टाकाऊ नाही बरं. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. तसले डागी दात आम्लाला लवकर दाद देत नाहीत. वेळ वाढवावा लागतो, नाहीतर वरचा थर किंचित खरवडावा लागतो. एरवी मी पेशंटला ‘दात खरबरीत करते’ एवढंच सांगते.

यवतमाळकर: आईला ‘खरबरीत’ पटलं. पण लगेच पुढचा प्रश्न: ‘मंग क्लिपा काढल्यावर पोरीनं खरबऱ्या दातानंच जेवाचं का?’

दातांची डॉक्टर: नाही जी, उरलेलं रेझिन काढून पॉलिश करतो.

यवतमाळकर: सांगितलं. म्हणाली, ‘पालिश काय म्हनतं, घोटून देते म्हन ना.’