पिल्लं मोठ्या कोंबड्यांत कधी सोडायची? ‘रात्री दांडीवर बसवा’ या सल्ल्याला उत्तर

जाळीकुंपण:
‘आठ आठवड्यांची पिल्लं रात्री अंधारात दांडीवर बसवा, सकाळी कोंबड्यांना ती आपलीच वाटतात.’ हा सल्ला काल पुन्हा वाचला आणि राहवलं नाही. कोंबडी कळपातल्या एकेकीला डोकं आणि तुरा पाहून ओळखते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी चोचीची उतरंड, म्हणजे कोणी कोणाला टोचायचं हा कळपातला क्रम, मांडली, ती या ओळखीवरच उभी आहे. अंधारात तिला नीट दिसत नाही म्हणून ती गप्प बसते. उजाडलं की परकं कोण ते तिला लगेच कळतं. त्या वेळी खुराड्याचं दार बंद असतं आणि पिल्लं मोठ्यांच्या मधे अडकलेली असतात. डोक्यावर दोन घाव बसले की रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचायला लागतात.

पिल्लं चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून दिवसा कोंबड्यांच्याच आवारात जाळीआड ठेवा. जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं हवं. एक इंचातून पिल्लू डोकं बाहेर काढतं आणि पलीकडून चोच बसते. दोन आठवडे नुसतं एकमेकांना दिसू द्या. मग जाळीला खाली १२ सेंमी रुंद आणि १७-१८ सेंमी उंच अशा दोन-तीन फटी करा. पिल्लं आत-बाहेर करतील, कोंबडी आत घुसणार नाही. दाणा-पाणी आतही ठेवा, बाहेरही. एकटं पिल्लू कधीच सोडू नका, किमान तीन-चार एकत्र हवीत.

तलंग:
रात्रीच्या युक्तीबद्दल तुमचं बरोबर. पण सहा आठवड्यांचं पिल्लू अर्धा किलोचंही भरत नाही, समोरची कोंबडी पावणेदोन-दोन किलोची. एक नेम बसला की पिल्लू संपलं. १४ ते १६ आठवडे थांबा, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) अंगानं बरोबरीला येऊ द्या, मग सोडा. फट ठेवली म्हणून पिल्लू दर वेळी फटीपर्यंत पोचतंच असं नाही.

जाळीकुंपण:
पोचत नाही, कारण लोक एकच फट ठेवतात आणि तीही कोपऱ्यात. फटी दोन बाजूंना हव्यात. आवारात तिरक्या टेकवलेल्या फळ्या, उलटे खोके, फांद्यांचे भारे असावेत, म्हणजे कोंबडीची नजर तुटते. दोन टोकं उघडी नसलेला आडोसा ठेवू नका. तिथं पिल्लू कोंडलं जातं.

आणि १६ आठवडे थांबण्यातला तोटा तुम्ही सांगतच नाही. त्या वयात तुरा लाल व्हायला लागतो, अंड्यावर यायची वेळ जवळ येते. जुन्या कोंबड्यांना ती सरळ प्रतिस्पर्धी दिसते, आणि तलंगही मुकाट्यानं मान खाली घालत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू घाबरून पळतं. त्या पळण्यावरच प्रकरण मिटतं.

रक्तीहगवण:
दोघेही चोचीवर भांडताय, पण बरीच पिल्लं जातात ती कोकसीने, म्हणजे आतड्याच्या रक्ती हगवणीने. मोठ्या कोंबड्या वरून ठणठणीत असतात, पण विष्ठेतून आयमेरियाची, म्हणजे हा रोग करणाऱ्या परजीवीची, अंडी टाकत राहतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात. तीन ते सहा आठवड्यांचं पिल्लू त्याला सर्वांत हळवं असतं, आणि तुम्ही नेमकं त्याच वयात त्याला मोठ्यांच्या जमिनीवर उतरवताय.

जाळीकुंपण:
हा मुद्दा मान्य. म्हणूनच पाण्याचं भांडं जाळीच्या चौकटीवर उंच ठेवायचं आणि पाणी सांडून ओलं झालेलं भुसकट रोज काढायचं. पण १६ आठवडे निर्जंतुक जागी वाढवलेल्या तलंगेलाही आयमेरिया नवीनच असतो. ती पहिल्यांदा जुन्या आवारात उतरली की आजारी पडू शकते. कोरड्या जागी थोडी थोडी लागण झाली तर प्रतिकार तयार होतो. ओल ठेवून उशीर केलात तर काहीच हाती लागत नाही.

दाणागोटा:
खाद्याचं काय ते कोणीच बोलत नाही! पिल्लं एकत्र केली की ती लेयरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यात तोंड घालणार. लेयरच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला साधारण एक टक्का पुरे. महिनोनमहिने जास्त गेलं की मूत्रपिंडं खराब होतात, आतल्या अवयवांवर युरेटचा (लघवीतल्या क्षाराचा) पांढरा थर बसतो. ‘थोडं खाल्लं तर काय होतं’ हे वाक्य ऐकून वीट आलाय.

तलंग:
बघा, म्हणूनच म्हणते, उशिरा सोडा. १७-१८ आठवड्यांनी सगळ्यांना लेयरचंच चालतं, प्रश्नच मिटला.

जाळीकुंपण:
सगळ्या कळपाला ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं खाद्य) द्या आणि कोंबड्यांना कॅल्शियम मिळावं म्हणून शिंपल्याची चुरी वेगळ्या डब्यात ठेवा. झालं.

दाणागोटा:
झालं नाही. हिशोब करा. अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. एक टक्क्याच्या ग्रोअरमधून सव्वा ग्रॅमही मिळत नाही, त्यातलं अंगी लागतं आणखी कमी. बाकी सगळं चुरीवर अवलंबून. आणि चुरीचा एकच डबा असला की उतरंडीतली तळाची कोंबडी तिथं फिरकू शकत नाही. मग तिचीच अंडी पातळ कवचाची निघतात आणि मालक म्हणतो, ग्रोअर वाईट.

जाळीकुंपण:
तर मग दोन डबे ठेवा, एकमेकांपासून लांब. चुरी बारीक पूड नको, जाड हवी. कवच मुख्यतः रात्री चढतं आणि जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात, तेव्हा रात्रभर पुरवठा राहतो. डबा कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा, म्हणजे पिल्लांची चोच पोचणार नाही.

दाणागोटा:
पाठीच्या उंचीचं मला पटलं. पण खडे आणि चुरी एकाच डब्यात घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. खडा पोटात दाणा दळायला लागतो, तो विरघळत नाही. चुरी विरघळते. खड्यांनी कवच होत नाही.

तलंग:
मूळ प्रश्न बाजूला राहिला. फटीतून बँटम (बुटक्या जातीच्या) कोंबड्या आरामात आत जातात, त्याचं काय?

जाळीकुंपण:
हो, मिश्र कळपात बँटम असतील तर फटीचा उपयोग नाही. तिथं जाळीआडचा काळ वाढवा आणि सोडाल तेव्हा समोर थांबा. ही अडचण मी आधीच लिहायला हवी होती.

रक्तीहगवण:
आणि बाहेरून विकत आणलेली पिल्लं असतील तर हे सगळं नंतर. आधी चार आठवडे वेगळ्या जागी ठेवा, भांडी वेगळी, चपला वेगळ्या, दाणा-पाणी करायचा क्रम जुन्या कळपाकडून नव्याकडे. मायकोप्लाझ्माचे (श्वासाचा रोग करणाऱ्या जिवाणूचे) वाहक चार आठवड्यांतही वरून धडधाकट दिसू शकतात, त्यामुळे पूर्ण खात्री कधीच नसते. पण शिंक, डोळ्यातला फेस, सुजलेला चेहरा असे उघड प्रकार तेवढ्यात समोर येतात. मॅरेक या अंगात गाठी करणाऱ्या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यायची असते. ती लागण थांबवत नाही, गाठी थांबवते. मॅरेकचा विषाणू पिसांच्या धुळीतून पसरतो, म्हणून लसीनंतरचे पहिले दोन आठवडे पिल्लं मोठ्यांच्या हवेपासूनही लांब ठेवा.

खुडूक:
एक वाक्य वाचलं की माझा संताप होतो: ‘टोचतात तर चोच कापा.’ टोचण्याचं कारण बहुतेक वेळा दाटी असते. आत दर कोंबडीला चार चौरस फूट, बाहेर दहा, दांडीवर २० ते २५ सेंमी. एवढं नसेल तर आधी जागा करा. मग चोचीकडे हात न्यायची वेळ फारशी येणार नाही. आणि जखम झालीच तर पक्षी लगेच वेगळा काढा. लाल दिसलं की बाकीच्या थांबत नाहीत. पण वेगळा म्हणजे नजरेआड नको, जाळीपलीकडे ठेवा. आठवडाभर दिसला नाही तर परत सोडताना तो पुन्हा परका होतो.

तलंग:
ठीक. सहा आठवड्यांना फटी ठेवून जमतं, हे मान्य करते, पण जागा आणि आडोसे असतील तरच. आखूड आवारात मी १४ आठवड्यांखाली येणार नाही.

जाळीकुंपण:
आखूड आवारात मीही तुमच्याच बाजूनं बोलेन. आणि रात्रीची युक्तीही पूर्ण टाकाऊ नाही. अंगानं बरोबरीच्या, दोन आठवडे जाळीआड ओळख झालेल्या तलंगांना पहिल्या रात्री आत नेण्यापुरती ती ठीक आहे. पण उजाडायच्या आधी खुराड्यापाशी जा, दार उघडा आणि दाणा बाहेर चार ठिकाणी टाका.