मदत हवी आहे: मुलांना घेऊन सायकलने पुणे ते पंढरपूर, माउलींच्या पालखीमार्गाने

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई २२ वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालल्या. गुडघे गेले तेव्हापासून घरीच असतात. त्यांच्याकडून ऐकून ऐकून माझ्या ११ वर्षांच्या लेकीला सगळे मुक्काम पाठ झालेत: सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आता तिचा हट्ट आहे की आजीच्या वाटेने आपण सायकलने जायचं. आम्ही दोघं, ती आणि ८ वर्षांचा धाकटा, असे चौघं निघणार. आजी गाडीने वाखरीला येतील आणि तिथून पंढरपुरात सगळे मिळून जाऊ, एवढं घरात पक्कं झालंय.

हडपसरहून निघून सासवड, नीरा, फलटण, नातेपुते, वेळापूर असे मुक्काम करत सहाव्या दिवशी पंढरपूर गाठायचा बेत आहे. पहिला दिवस सोडला तर रोजचे ३५ ते ४० किलोमीटर होतात. लोणी काळभोरच्या रामदऱ्यापर्यंत जाऊन-येऊन सराव चालू आहे. तेवढं अंतर दोघंही हसतखेळत करतात.

मला धास्ती आहे ती दिवे घाटाची. मागच्या महिन्यात एका रविवारी पहाटे नुसता घाट चढून बघायला गेलो. लेकीच्या सायकलला गिअर आहेत, ती थांबत थांबत वर पोचली. धाकट्याची २० इंची, बिनगिअरची. अर्ध्यात तो उतरून ढकलायला लागला, तेवढ्यात मागून डंपरने जोरात हॉर्न दिला. तो दचकला, कडेच्या खडीवर घसरला आणि गुडघा चांगलाच सोलवटला. जखम भरली, पण आता मोठ्या गाडीचा आवाज आला की तो ब्रेक दाबून जागच्या जागी उभा राहतो. त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नाही. सासूबाई म्हणतात, या घाटात माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावतात, मग पोराला हात द्यायला काय हरकत आहे? तर विचारायचं असं की मोठ्यांच्या सायकलला पट्टा बांधून मुलाची सायकल चढावर ओढणं कुणी प्रत्यक्ष केलंय का? की मागे जोडायची एकचाकी सायकल घेणं जास्त सुरक्षित? पुण्यात अशी भाड्याने कुठे मिळते का? सरळ टेम्पोने घाट ओलांडून सासवडला सायकली उतरवायची माझी तयारी आहे, पण लेकीला ते अजिबात मान्य नाही.

नवऱ्याचं म्हणणं, तुकोबांच्या पालखीच्या वाटेने, यवत, बारामती, इंदापूर, अकलूजवरून जाऊ. पण तिकडे पाटसपर्यंत सोलापूर हायवेची वाहतूक सोसावी लागणार आणि पाटसच्या पुढे रोटी घाट आहेच, लहान असला तरी. शिवाय आजीची वाट ती नव्हे. त्यामुळे मी अजून सासवडच्याच बाजूने आहे.

दुसरा घोळ तारखांचा. आषाढीच्या गर्दीत मुलांना सायकलवर नेणार नाही, ते ठरलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत निघावं तर पुढे कार्तिकीची गर्दी, पंढरपुरात खोली मिळायची मारामार. नाताळात हवा छान, पण तेव्हा गळीत हंगाम ऐन भरात असतो. फलटणपासून पुढे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागची ट्रॉली हेलकावे खाते, बाहेर आलेले ऊस कडेच्या सायकलवाल्याला लागू शकतात. त्या भागातल्या लोकांनी सांगा, दिवसाच्या कोणत्या वेळी ही वाहतूक कमी असते? पालखी महामार्ग रुंद झालाय आणि कडेला वारकऱ्यांसाठी पायवाट ठेवलीय. तिच्यावरून मुलांना सलग सायकल चालवता येते का, की मध्येच ती तुटते?

राहण्याचं फारसं टेन्शन नाही. साधी, स्वच्छ खोली आणि सायकली आत ठेवायला जागा, एवढं पुरे. नीरा आणि वेळापूर या दोन ठिकाणी मात्र ओळखीचं कुणी नाही, तिथलं सुचवा.

परतताना चार सायकली कशा आणायच्या? एसटीच्या टपावर घेतात का, की पंढरपूरहून पुण्याकडे येणारा परतीचा टेम्पो गाठावा? आजींच्या गाडीत फार तर धाकट्याची मावेल.