चहाची फ्रँचायझी: रॉयल्टी शून्य असेल तर कंपनी कमावते कशातून?

मिरजकर:
मिरजेत बसस्थानकाच्या रस्त्यावर १० बाय १२ चा गाळा भाड्याने मिळतोय. एका चहाच्या ब्रँडची ऑफर आहे. एकूण ६ लाख, त्यात अडीच लाख फ्रँचायझी फी, बाकी फर्निचर, बोर्ड आणि मशिनरी. करार ५ वर्षांचा. रॉयल्टी (विक्रीतला कंपनीचा ठरावीक वाटा) शून्य, पण चहा पावडर कंपनीकडूनच घ्यायची, ६५० रुपये किलो. फ्रँचायझी घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं? आणि रॉयल्टी नसेल तर कंपनीला यात काय मिळतं? सही करण्याआधी काय काय बघू?

हिशेबनीस:
फ्रँचायझी म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मिळालेली परवानगी. ब्रँडचं नाव आणि त्यांची काम करण्याची पद्धत वापरायची, त्यांनी ठरवलेला माल घ्यायचा. दुकान तुमचं आणि तोटाही तुमचा, ब्रँड मात्र कायम त्यांचाच. ५ वर्षांनी नूतनीकरण झालं नाही तर बोर्ड उतरवावा लागतो.

कंपनीची कमाई चार वाटांनी होते: सुरुवातीची फी, विक्रीवर रॉयल्टी, मालावरचा नफा आणि कधी जागेचं भाडं. मॅकडोनाल्ड्सने १९५६ मध्ये जागांसाठी वेगळी कंपनीच काढली. जागा घ्यायची आणि फ्रँचायझीवाल्याला भाड्याने द्यायची, हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आजही आहे. तुमच्या ऑफरमध्ये रॉयल्टी पावडरीत घातलेली आहे. १० रुपयांच्या कपाचा हिशेब मांडून बघा:

दूध: १ लिटरमध्ये पाणी धरून १५ कप, ६० रुपये दराने कपाला ४ रुपये. साखर ८ ग्रॅम, ३५ पैसे. गॅस, मसाला आणि कागदी कप मिळून १ रुपया २० पैसे. पावडर ३ ग्रॅम, ६५० च्या भावाने १ रुपया ९५ पैसे. एकूण साडेसात रुपये, हातात अडीच रुपये.

तशीच पावडर बाजारात ४०० ने मिळत असेल तर कपामागे ७५ पैसे जास्त जातात. रोज ६०० कप धरले तर महिन्याला १३,५०० रुपये. विक्री १ लाख ८० हजार, म्हणजे साडेसात टक्के. नाव काहीही असो, ही रॉयल्टीच आहे. शिवाय दुकान तोट्यात असलं तरी ती द्यावी लागते, कारण ती नफ्यावर नसून खरेदीवर आहे.

भाडं १८,०००, दोन कामगार २८,००० आणि वीज-पाणी ३,००० धरा. ४९,००० निघायला रोज ६५४ कप लागतात. तुमची स्वतःची मेहनत यात धरलेली नाही.

करसल्लागार:
वरच्या हिशेबात जीएसटी धरायचा राहिला, आणि तो लहान आकडा नाही. रोज ६०० कप म्हणजे वर्षाला २१ लाखांवर उलाढाल. २० लाखांपुढे नोंदणी लागते. चहाच्या दुकानाला ५ टक्के दर आहे, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. गिऱ्हाईक १० रुपयेच देणार, त्यामुळे कपामागे ४७-४८ पैसे तुमच्या खिशातून जातील. अडीचचे दोन रुपये झाले, आणि खर्च भागायला रोज ८१० च्या आसपास कप लागतील. ६ लाख तीन वर्षांत परत हवे असतील तर १,०८० च्या पुढे.

क्रेडिट नाही म्हणून फ्रँचायझी फीवरचा १८ टक्के जीएसटीही तुमचा खर्चच. अडीच लाखांवर ४५,०००. तो ६ लाखांत धरलाय की वरून लागणार, हे लेखी घ्या. गाळ्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचा खर्च, साधारण दीड लाख, वेगळा ठेवा. कर्ज ६ लाखांचं काढून हे विसरणारी दुकानं पहिल्याच पावसाळ्यात दूधवाल्याच्या उधारीवर जातात.

वकील_सांगली:
अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी सविस्तर माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात खटले, बंद झालेली दुकानं, सगळे खर्च असतात. आपल्याकडे फ्रँचायझीचा असा वेगळा कायदा नाही. करार कायदा १८७२, ट्रेड मार्क्स कायदा १९९९ आणि करारातली कलमं, एवढाच आधार. म्हणून तीच माहिती तुम्ही लेखी मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

ट्रेडमार्क सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. खाद्यगृहासाठी वर्ग ४३, चहासाठी वर्ग ३०. 'रजिस्टर्ड' दिसतं की 'ऑब्जेक्टेड' (कार्यालयाची हरकत) किंवा 'अपोज्ड' (दुसऱ्या कोणाचा विरोध), ते बघा. नुसता अर्ज केलेलं नाव अडीच लाखांना घेऊ नका.

करार ५ वर्षांचा आणि गाळ्याचं लिव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं, ही जोडी धोक्याची. मालकाने गाळा सोडायला लावला की फी बुडते. एक तर दोन्ही मुदती सारख्या करा, नाहीतर नवीन फी न भरता दुकान हलवता येईल असं कलम घाला.

क्षेत्राचं कलम अंतरात हवं. 'मिरज शहर' असं मोघम नको. दुसरी शाखा किती मीटरच्या आत देणार नाही, आणि ऑनलाइन ऑर्डरी त्यात येतात का, हे स्पष्ट लिहून घ्या.

करार संपल्यावर दोन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही, असं कलम बहुतेकदा असतं. करार कायद्याच्या कलम २७ मुळे मुदतीनंतरचं असं बंधन सहसा टिकत नाही. चालू मुदतीतलं बंधन टिकतं, १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलंय. मात्र त्यांचं नाव, रंगसंगती आणि गुप्त मसाला नंतरही वापरता येणार नाही. लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवण्याचं, ठिकाणही बघा. ते दुसऱ्या राज्यात असेल तर ५० हजारांच्या वादासाठी कोणी तिथे जात नाही, आणि कंपनीला ते ठाऊक असतं.

मिरजकर:
खूप आभार. आता ते म्हणतात, दुकान कंपनीच चालवेल आणि मला महिन्याला २५,००० नक्की देईल. हे जास्त सुरक्षित नाही का?

हिशेबनीस:
तो दुसरा प्रकार: पैसा तुमचा, चालवणार कंपनी. गाळ्याचा करार, वीज मीटर, गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंद), अन्न परवाना कोणाच्या नावावर, एवढंच विचारा. सगळं तुमच्या नावावर असेल तर कंपनी निघून गेल्यावर भाडं आणि नोटिसा तुमच्याकडे येतील. आणि २५,००० कशातून देणार? वरच्या हिशेबाने भाडं-पगार देऊन त्यासाठी रोज १,२०० हून जास्त कप विकले गेले पाहिजेत. तेवढे विकले जात नसतील तर पैसे नव्या फ्रँचायझीवाल्यांच्या फीतून येतात, आणि नवे लोक थांबले की तेही थांबतात.

दोन वर्षांहून जुन्या तीन शाखा स्वतः निवडा, कंपनीने सुचवलेल्या नकोत. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ७ समोर उभं राहून कप मोजा. कामाचा एक दिवस आणि एक रविवार. बंद पडलेल्या शाखांची यादी मागा आणि त्या मालकांना दोनच प्रश्न विचारा: पावडरीचा भाव करारानंतर किती वेळा वाढला, आणि मशीन विकताना किती रुपये आले.