मदत हवी: मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) बसलाय, कमान मारू की नवा टाकू?

धागाकर्ता: मागे डावी बाजू बसली आहे. खड्ड्यात गेली की रबर स्टॉपरवर धाडकन आपटते. पाटेवाला म्हणतो, भट्टीत घालून कमान मारून, म्हणजे पुन्हा वाकवून देतो. कमान की नवा, एवढंच सांगा. रविवारी गाडी लागणार आहे.

गिअरतेल: गाडी कुठली? ॲम्बॅसडर, पद्मिनी, जीप? आणि 'बसली' म्हणजे किती? टायरची हवा सारखी करा, सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा.

दहाचा_पाना: एवढा विचार कशाला? खालून एक जाड पाटा वाढवा. अर्ध्या दिवसाचं काम.

कमानदार: वाढवू नका. जाड पाटा वाकत नाही. त्याचं टोक संपतं तिथेच सगळा वाक वरच्या पाट्यांवर येतो आणि तिथेच मेन (सगळ्यात वरचा) पाटा तुटतो. भट्टीवाल्याला एकच विचारा: तापवल्यावर तेलात विझवून परत टेम्पर (मंद तापवून ठिसूळपणा कमी) करणार का? नुसता लाल करून ठोकला आणि हवेवर गार केला तर पाटा मऊ राहतो, पुन्हा सपाट होतो. पाण्यात विझवला तर तडकतो. त्याच्याकडे तेवढी सोय नसेल तर थंडच कमान मारून घ्या.

धागाकर्ता: पद्मिनी, १९८६. डावीकडे ३५ मिमी कमी. आता सांगा.

गिअरतेल: पुढे क्रॉस मेंबरच्या (आडव्या तुळईच्या) बरोबर मधोमध जॅक लावून उचला. मागचा कल गेला तर दोष पुढच्या स्प्रिंगचा.

धागाकर्ता: उचलली. कल तसाच.

कमानदार: मग मागेच आहे. काम दोन्ही बाजूंचं करा, एकट्या डावीचं नको. घोड्या (स्टँड) बॉडीखाली, जॅक डिफखाली (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली). हाउसिंग (ॲक्सलचं कवच) ब्रेकच्या होजवर लोंबू देऊ नका. सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध धरणारा) काढण्याआधी सी क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे उसळतात.

आता मुख्य गोष्ट. सुटे पाटे एकावर एक ठेवले की दर दोन पाट्यांत मधोमध फट दिसली पाहिजे, म्हणजे खालचा वरच्यापेक्षा थोडा जास्त वाकलेला. बोल्ट आवळला की फट मिटते आणि टोकं दाबून बसतात. सगळ्यांना एकच कमान दिली तर चाक खाली लोंबलं की टोकं उघडतात, माती शिरते, भार एकट्या मेन पाट्यावर जातो. गंज वायर ब्रशने काढा. वरच्या अंगावर ग्राइंडरचे आडवे ओरखडे नकोत. भार आला की तेच अंग ताणलं जातं, तडा तिथूनच सुरू होतो. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला बांधणारे) नवेच टाका, ३०० किमीनंतर परत आवळा.

दहाचा_पाना: आणि पाट्यांमध्ये भरपूर ग्रीस.

कमानदार: भरपूर नाही. टोकांपाशी ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात. साध्या ग्रीसला धूळ चिकटते आणि तीच पाटे घासते. बुशला (पाट्याच्या टोकातल्या रबराला) तर ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. साबणाचं पाणी लावून बसवा.

दहाचा_पाना: कोरडे ठेवले तर कुरकुरतात, मग इथेच धागा निघतो.

मीटर_डाऊन: पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतून गेल्या, आता भंगारात चांगले पाटे मिळतात का बघा. आणि सीएनजी असेल तर हायड्रो टेस्ट (टाकीची दाबचाचणी) दर ३ वर्षांनी लागते, विसरू नका.

धागाकर्ता: सीएनजी आहे, टाकी डिकीत. टेस्ट झालेली आहे. त्याचा पाट्याशी काय संबंध?

गिअरतेल: अहो, हे आधी सांगायचं! ६० लिटरची पोलादी टाकी म्हणजे साठेक किलो कायमचे मागे. पण आडवी असेल तर वजन दोन्हीकडे जवळपास सारखं पडतं. एकच बाजू ३५ मिमी खाली का? पद्मिनीला वेगळी चासी नाही, पाटा बॉडीच्या पत्र्यालाच धरतो. डिकीतलं मॅटिंग उचला, डाव्या शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या पट्टीच्या) वर स्क्रूड्रायव्हर टोचा.

धागाकर्ता: टोचला. मुठीपर्यंत आत गेला. पत्रा पापडासारखा सुटतोय, खाली ओल आहे.

कमानदार: मग आधी पत्रा, पाटे नंतर. कापण्याआधी उजव्या बाजूची मापं घ्या: पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून (टोकाच्या गोल वळणापासून) शॅकलच्या बोल्टपर्यंत, आणि डिकीच्या तळापासून उंची. ती चुकली तर हाउसिंग तिरकं बसतं. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, २ मिमीचा तुकडा घाला. सीएनजीची टाकी अधिकृत सेंटरमधून रिकामी करून उतरवा, पेट्रोलची टाकीही उतरवा, बॅटरीची वायर सोडवा. त्याआधी वेल्डिंगची ठिणगी पडता कामा नये.

गिअरतेल: डिकीचं रबरही बदला, पाणी तिथूनच येत असणार. शॅकलचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळा. हवेत आवळले की बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

धागाकर्ता: रविवार गेला म्हणजे. शॅकलचा बोल्ट हलत नाहीये, गॅसने तापवू का?

कमानदार: टाकी अजून गाडीत आहे ना? तापवू नका. हॅकसॉने कापा, बोल्ट नवा मिळतो.